सात नंबरचं क्वार्टर

लेकीचं लग्न झालं आणि आमच्या डोंबिवलीच्या घरातली मागची खोली रिकामी झाली. मला वाटलेलं, तिथे खिडकीपाशी एक पलंग टाकावा आणि दुपारी दार लावून निवांत पडावं. सत्तावीस वर्षं मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात काम केलं. भिंगाखाली मान घालून तांदळाएवढे सुटे भाग चिमट्याने उचलायचे, पट्टीवर ठेवायचे आणि सोल्डरचा डाग द्यायचा. मानेचा मणका त्यातच गेला. त्यामुळे पलंगाची इच्छा काही फार मोठी नव्हती.

पण महिन्याभरात सुतार आला. खोलीच्या तीन भिंतींना धरून त्याने प्लायचं टेबल ठोकलं, कंबरेएवढ्या उंचीचं. नवऱ्याने मला विचारलं नाही. फक्त सांगितलं, "अगं, आता माझी रेल्वे होणार बघ."

नवरा विमा कंपनीतून निवृत्त झालेला. त्याला लहानपणापासून आगगाडीचं वेड होतं हे मला लग्नानंतर तेहतीस वर्षांनी कळलं. ठाण्यात अशा हौशी लोकांचा एक गट होता. महिन्यातून एकदा रविवारी सगळे कुणाच्या तरी घरी जमायचे, रूळ, इंजिनं, वायरिंग यावर बोलायचे. नवऱ्याने इंजिनं मागवली, डबे मागवले, रूळ अंथरले. मग त्या रुळांच्या कडेला काहीतरी हवं म्हणून बाहेरदेशातून लाकडी इमारतींची किट मागवली. स्टेशन, मालधक्का, पाण्याची टाकी, इंजिनाची शेड.

पहिलं किट उघडलं तेव्हा मी भाजी निवडत होते. आतून पोस्टकार्डाएवढे पातळ लाकडी तक्ते निघाले. त्यांत भिंती, खिडक्या, दारं लेझरने कापलेली, नुसती बारीक टाक्यांवर अडकलेली. कडा जळून तपकिरी झालेल्या. सगळ्या खोलीत जळक्या लाकडाचा गोड वास पसरला. नवऱ्याने एक खिडकी अंगठ्याने ढकलून काढायला घेतली आणि तिची मधली काडी मोडली. दुसरीचीही मोडली. तिसऱ्या वेळी मी हात पुसून पुढे झाले आणि म्हटलं, "अहो, ढकलू नका. ब्लेडने टाका कापा आधी."

"मग तूच काप," तो म्हणाला.

तिथून सगळं सुरू झालं. माझा काही विरोध नव्हता, उलट मला ते आवडलं. हे मान्य करायला हवं, नाहीतर पुढचं सगळं खोटं वाटेल. हात कारखान्यात तयार झालेले. सूचना इंग्रजीत होत्या, पण चित्रं होती, आणि ज्या बाईने आयुष्यभर नकाशे बघून भाग बसवले तिला चित्र पुरतं. भिंत आतून काड्यांनी आवळून घ्यायची. रंग दोन्ही बाजूंनी द्यायचा, एकाच बाजूने दिला तर लाकूड पापडासारखं वळतं. कोपरा काटकोनी गुण्याला लावून चिकटवायचा. पांढरा गोंद टाचणीच्या टोकावर घ्यायचा, बोटावर नाही. पहिलं स्टेशन मी पंचवीस दिवसांत उभं केलं, दुपारी दोन ते पाच. नवरा तेव्हा झोपायचा.

दोन वर्षांत मी अकरा इमारती बांधल्या. रविवारी लोक यायचे, वाकून बघायचे, म्हणायचे, "काय सफाई आहे!" आणि नवरा म्हणायचा, "पेशन्स लागतो हो." मी आतून चहा आणायची. सुरुवातीला मला हसू यायचं. वाटायचं, बोलतोय तर बोलू दे, त्याचे चार मित्र आहेत. कधीतरी आपणहून सांगेल.

किटमधले भाग काढून झाले की मागे लाकडाचा भोकाभोकांचा सांगाडा उरतो. नवरा तो टाकून द्यायचा. मी एका जुन्या मिठाईच्या खोक्यात साठवून ठेवायला लागले. एवढं चांगलं, एकसारखं लाकूड फेकवेना. आणि एका दुपारी, ती परदेशी धुराडी असलेली घरं बघताना, मनात आलं की यातून आपलं क्वार्टर बनवावं.

आपलं म्हणजे कल्याणचं, माझ्या बाबांचं. बाबा रेल्वेत केबिनवर होते. लोखंडी दांडे ओढून गाडीला रूळ बदलून द्यायचं काम. त्यांना मिळालेलं क्वार्टर आठ घरांच्या ओळीत सातवं. दगडी जोतं, कौलारू छप्पर, आणि पुढे लहानसा व्हरांडा, त्याला लाकडी पट्ट्यांची तिरपी जाळी. मी जन्मापासून एकोणीस वर्षांची होईपर्यंत त्या घरात राहिले. आई सकाळी त्या व्हरांड्यात बसून वंदना म्हणायची आणि जाळीतून उन्हाचे चौकोन तिच्या पातळावर पडायचे. बाबा ड्युटीवरून आले की तिसऱ्या पायरीवर बसून बूट काढायचे. पायरीचा कोपरा तुटलेला होता, ते त्याच्यावर टाच टेकवायचे.

निवृत्तीनंतर दोन महिन्यांत बाबा गेले. क्वार्टर सोडायची मुदत तेव्हा अजून संपली नव्हती. ती संपली तसे आम्ही दिव्याला एका खोलीत राहायला गेलो, आई, मी आणि धाकटा भाऊ. तिथे पाण्याला हंडे घेऊन रांगेत उभं राहायचं आणि मग कारखाना गाठायचा. पुढे काही वर्षांनी ती क्वार्टरची ओळ पाडली. मी बघायला गेले नाही. त्या घराचा एकही फोटो आमच्याकडे नाही. भावाचा एक फोटो आहे, त्यात मागे जाळीचा हातभर तुकडा दिसतो, तेवढाच.

त्यामुळे मापं सगळी डोक्यातून काढावी लागली. आमच्या रेल्वेच्या प्रमाणात सहा फुटी माणूस जेमतेम दोन सेंटीमीटरचा होतो. बाबा साडेपाच फूट. व्हरांड्यात उभे राहिले की जाळीची वरची पट्टी त्यांच्या खांद्याला लागायची, म्हणजे जाळीची उंची मिळाली. आई आणि मी शेजारी शेजारी झोपलो की भिंतीपर्यंत एक ट्रंक मावायची, म्हणजे आतल्या खोलीची रुंदी मिळाली. एकेक माप असं शोधताना कितीतरी विसरलेल्या गोष्टी वर आल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीचा दुसरा गज नव्हता, तिथून शेजारची काकू कोथिंबीर द्यायची. मोरीचं दार आत उघडायचं, बाहेर नाही. बाबा जिवंत असतानाही मी त्यांचा इतका विचार केला नव्हता.

जाळीला सर्वात जास्त वेळ लागला. सांगाड्याच्या लाकडाच्या केसाएवढ्या पट्ट्या ब्लेडने सोलायच्या, चहाच्या पाण्यात बुडवून जुनाट करायच्या, आणि मग तिरप्या एकमेकींवर टाकायच्या. एकेक चौकोन ज्वारीच्या दाण्याहून लहान. तीन जाळ्या बिघडल्या, चौथी जमली. सगळं क्वार्टर आठ महिन्यांनी पुरं झालं. तळहातावर मावेल एवढं. पायरीचा कोपरासुद्धा मी तोडला. दारावर टाचणीने सात नंबर घातला.

नवऱ्याला दाखवलं. म्हटलं, "हे आमचं कल्याणचं क्वार्टर. बाबांचं."

तो रुळाच्या एका सांध्याच्या वायरशी झटत होता. मान वर करून म्हणाला, "हं. छान झालंय. तिकडे कोपऱ्यात ठेव, तिथे रिकामं दिसतंय."

मी ठेवलं. गाडी सोडली की ती त्या क्वार्टरच्या मागून जायची, अगदी कल्याणला जायची तशीच. मी एकटी असताना दोन-तीनदा गाडी सोडून बघितली.

गेल्या वर्षी त्या गटाने ठाण्यात एका हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रदर्शन भरवलं. आमची रेल्वे तुकड्या-तुकड्यांत सुटी करून टेम्पोतून नेली. इमारती मी स्वतः कापसात गुंडाळून खोक्यात भरल्या आणि खोकं मांडीवर घेऊन पुढे बसले. हॉलमध्ये आमच्या टेबलावर पाटी लावलेली, त्यावर नवऱ्याचं नाव. मला त्याचंही काही वाटलं नाही. रेल्वे त्याचीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका स्थानिक पेपरची मुलगी आली. इंजिनांचं विचारून झाल्यावर तिने माझ्या मालधक्क्याकडे बोट दाखवलं. "ही घरं कोण बनवतं?"

मी टेबलाच्या कडेला उभी होते, हातात डब्याची पिशवी. नवऱ्याला मी दिसत होते. तो म्हणाला, "मीच. निवृत्त माणसाला दुसरं काय काम! मिसेसची थोडी मदत असते. गोंद-बिंद लावून देते."

मुलीने माझ्याकडे बघून छान हसून मान हलवली आणि लिहून घेतलं. मीही हसले. या गोष्टीची मला अजून शरम वाटते, त्याच्या बोलण्यापेक्षा जास्त माझ्या हसण्याची. तिथल्या तिथे बोलले असते तर पुढचं टळलं असतं की नाही, माहीत नाही. पण मी हसले.

संध्याकाळी आवराआवर सुरू झाली तेव्हा मी डबे विसळायला मागच्या नळावर गेले. परत आले तर कोपऱ्यात क्वार्टर नव्हतं. त्याच्या जागी, गवत म्हणून पसरलेल्या हिरव्या भुशात, एक आयताकृती पांढरा डाग. मला वाटलं, पडलं. मी टेबलाखाली गुडघ्यांवर बसून शोधलं, खोक्यातला सगळा कापूस उपसला. नवरा दारात कुणाशी तरी गप्पा मारत होता. त्याला हाक मारली तर त्याने हाताने "थांब" अशी खूण केली.

टेम्पोत बसल्यावर त्याने सांगितलं. "अगं, ते आमच्या गटाच्या अध्यक्षांना फार आवडलं. सारखे वाकून बघत होते. मग म्हटलं, घ्या, तुम्हालाच ठेवा. एवढे मोठे इंजिनिअर माणूस, किती खूश झाले माहितीये?"

"ते आमचं क्वार्टर होतं," मी म्हटलं.

"कुठलं क्वार्टर?"

त्याला खरंच आठवत नव्हतं. आठवत असून दिलं असतं तर मला एक वेळ समजलं असतं. ड्रायव्हर शेजारी होता म्हणून मी हळू आवाजात पुन्हा सांगितलं. कल्याणचं. बाबांचं. तुम्हाला दाखवलेलं.

"अरे हो हो," तो म्हणाला. "मग दुसरं बनव की. तुला काय, महिन्याभराचं काम."

मी आठ दिवस वाट पाहिली. अध्यक्षांना फोन करून तो परत मागेल असं वाटत होतं. मी दोनदा आठवण करून दिली. "दिलेली वस्तू मागायची कशी?" तो म्हणाला. "माझी तिथे काय इज्जत राहील?" मग एका सकाळी त्याला न सांगता मी ठाण्याला गेले.

अध्यक्ष कोपरीत राहायचे, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. वयाने सत्तरीचे, बोलायला अतिशय सभ्य. त्यांनी स्वतः दार उघडलं, पाणी दिलं, आणि मी काही बोलायच्या आतच म्हणाले, "वहिनी, या ना, तुमच्या घराला जागा कशी छान मिळाली आहे, दाखवतो."

त्यांच्या रेल्वेची खोली आमच्या दुप्पट. डोंगर, बोगदा, खरं पाणी वाटावं अशी नदी. रुळाच्या फाटकापाशी माझं क्वार्टर चिकटवलेलं होतं. कौलं भडक लाल केलेली. भिंतीवर पिवळी पाटी. आणि पुढचा व्हरांडा नव्हता. पायऱ्याही नव्हत्या. समोरची भिंत सरळ रुळाच्या बाजूला आलेली, तिच्यावर करवतीचे ओरखडे.

"व्हरांडा कुठाय?" मी विचारलं.

"तो गाडीला घासत होता हो. फाटकवाल्याचं घर रुळाला लागूनच हवं ना? म्हणून पुढचा भाग कापला. पण बेमालूम झालंय की नाही? साहेबांचं मूळ कामच इतकं पक्कं, की कापताना भिंत हललीसुद्धा नाही."

"ते मी बनवलंय," मी म्हटलं.

"हो तर. तुमचाही हातभार असणारच."

"हातभार नाही. मी बनवलंय. सगळं. माझ्या वडिलांचं घर आहे ते. मला परत हवंय."

त्यांनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं त्यांना वाईट वाटलं असावं, पण माझ्यावर विश्वास बसला नाही. घरात काहीतरी भांडण झालंय आणि ते आपल्या दारी आलंय, असा चेहरा झाला. म्हणाले, "वहिनी, मला ते त्यांनी दिलं आहे. मी त्यांना विचारतो, चालेल ना?" आणि माझ्या समोरच फोन लावला. एका हातात अजून चष्मा होता म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

नवऱ्याला आधी समजेना. मग तो हसला. मोकळं, मित्रांत हसतो तसं. "ती तिकडे आलीये? अहो, राहू द्या हो. तिचं काही मनावर घेऊ नका. माहेरचा विषय निघाला की बायकांचं असंच असतं. तिला चहा पाजा आणि पाठवून द्या."

अध्यक्षांनी घाईने फोन बंद केला. खोलीत मी आणि ते, आणि मधे ती नदी. मी विचारलं, "कापलेला भाग तरी आहे का?"

त्यांनी मनापासून शोधला. दोन खोकी उपसली, टेबलाखाली टॉर्च मारला. माझी जाळी नव्हती. "केर काढणाऱ्या बाईने नेला असेल," ते म्हणाले. "एवढासाच होता ना तो. सॉरी, वहिनी."

चहा न घेता मी निघाले. त्यांच्या जिन्यात दोन पायऱ्यांच्या मधे थांबून रडले. तोंडावर पदर धरून, कारण वरून ते बघत असतील असं वाटत होतं.

घरी भांडण झालं, पण ते मला वाटलं होतं तसं झालं नाही. मी बोलायच्या आधी तोच बोलला. मी त्याची चारचौघांत लाज काढली, अध्यक्षांसमोर त्याला खोटं पाडलं. एका खेळण्यापायी.

"मग तुम्ही खरं होतात का?" मी विचारलं.

"प्रत्येक ठिकाणी काय बायकोचं नाव घेत फिरायचं? घर दोघांचं असतं ना? मग काम कुणाचं का असेना."

लेकीला फोन केला. तीही म्हणाली, "आई, बाबांचा एवढा एकच विरंगुळा आहे. सोड ना." माझा विरंगुळा कोणता, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तिच्या आवाजात कंटाळा होता.

मी क्वार्टर पुन्हा बनवायला बसले. माप पुन्हा काढायला लागू नये म्हणून पहिल्या वेळचे कागद ठेवलेलेच होते. चार दुपारी बसले. भिंती उभ्या राहिल्या, आणि लक्षात आलं की मी आता घर आठवत नव्हते, मॉडेल आठवत होते. डोळे मिटले की बाबांच्या खांद्याला लागलेली पट्टी दिसेना. दिसायचं ते लाल कौलांचं, पुढून कापलेलं, फाटकापाशी चिकटवलेलं. पहिल्या वेळी सगळं हाताने शोधून काढलं होतं, म्हणून ते मिळालं होतं. आता शोधायचं काही उरलं नव्हतं. पाचव्या दिवशी त्या चार भिंती मी कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. त्यानंतर ब्लेड हातात घेतलं नाही.

नवऱ्याने मोठं किट मागवून ठेवलं होतं, दुमजली स्टेशन, पुढच्या प्रदर्शनासाठी. दोन महिने ते खोकं माझ्या नजरेसमोर येईल असं ठेवून बघितलं. मग स्वतः उघडलं. टाके कापायचे हे त्याच्या लक्षात होतं, तेवढं तो शिकला होता. भिंती काढल्या, पॉलिश पेपर मारला आणि रंग द्यायला घेतला. एकाच बाजूने. आतून आवळायच्या काड्याही लावल्या नव्हत्या.

मी दारात उभी होते. मला दिसत होतं. तोंडातून शब्द बाहेर पडायला एक क्षण पुरला असता. मी स्वयंपाकघरात गेले आणि मटार सोलायला बसले. दुसऱ्या दिवशी भिंती वळलेल्या. त्याने त्यांच्यावर जाडजूड पुस्तकं ठेवली, मग इस्त्री फिरवली. "डोंबिवलीची हवाच दमट," तो म्हणाला. "लाकूडच हलकं पाठवतात साले." त्याने कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिलं. मी पाकिटाला गोंद लावून दिला.

मला त्यात सुख मिळालं असं लिहायला आवडलं असतं. नाही मिळालं. तो वाकड्या भिंती हातात घेऊन बसलेला असायचा आणि मला त्याची कीव यायची, आणि कीव आली याचा राग यायचा. एकदा त्याने विचारलंच. माझ्याकडे न बघता. "तू कशी करायचीस गं, सरळ राहायला?"

"मी फक्त गोंद लावायचे," मी म्हटलं.

त्यानंतर त्याने विचारलं नाही.

या वर्षी पुन्हा प्रदर्शन झालं. दुमजली स्टेशन झालंच नाही, जुन्याच इमारती नेल्या. जायच्या आदल्या दिवशी त्याने एक नवीन पाटी छापून आणली आणि ओट्यावर माझ्यासमोर ठेवली. वर त्याचं नाव, मोठ्या अक्षरात. खाली, बारीक अक्षरात, "सहकार्य : सौ." आणि पुढे पुन्हा त्याचंच नाव.

"आता झालं समाधान?" तो म्हणाला. खोटं नव्हता बोलत. त्याला वाटत होतं त्याने खूप केलं.

मी पाटी वाचली. तिच्यावर कणकेचा हात लागू नये म्हणून बाजूला सरकवली. या वेळी मी सोबत गेले नाही. इमारती कापसात भरून दिल्या, टेम्पोवाल्याला खड्डे बघून चालव असं सांगितलं, दोघांपुरता डबा द्यायची सवय म्हणून जास्तच दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो सामान घेऊन परत आला तेव्हा पाण्याच्या टाकीचा एक पाय मोडलेला होता.

"हा नीट करशील का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं, आणि ताट वाढलं.